कॅमेऱ्यासमोरचं जनावर: कोकण किनाऱ्यावर शूटिंगला घोडा, कुत्रा, बैल देणाऱ्यांचे आणि घेणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

अलिबाग-नागावपासून खाली वेंगुर्ला-शिरोड्यापर्यंत शूटिंगची युनिटं येतात आणि गावात विचारतात, "इथे घोडा कोणाकडे मिळेल? शिकलेलं कुत्रं आहे का?" खालचे प्रश्न दोन्ही बाजूंचे आहेत. काही मालकांचे, काही युनिटच्या प्रॉडक्शनवाल्यांचे. कायदा मधे मधे येतोच, पण काम बहुतेक वेळा त्याआधीच बिघडतं. भरतीची वेळ बघितलेली नसते, गोडं पाणी नेलेलं नसतं, नाहीतर जनावराने उजेड परतवायचा थर्माकोलचा पांढरा पत्रा त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा पाहिलेला असतो.

घोडा आपला, गाव आपलं. युनिटने बोलावलं तर सरळ घेऊन जायला काय हरकत?

हरकत आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आणि त्याखालचे करमणुकीसाठीच्या प्राण्यांच्या नोंदणीचे २००१ चे नियम इथे लागू होतात. लोकांच्या करमणुकीसाठी वापरलेलं जनावर म्हणजे फक्त सर्कशीतलं नव्हे, चित्रपटात दिसणारा घोडाही त्यात येतो. नोंदणी हवी, आणि शूटिंगची जागा, तारीख, वेळ निदान चार आठवडे आधी कळवायला हवी. हे काम भारतीय जीवजंतू कल्याण मंडळ बघतं. त्याचं कार्यालय आता हरियाणात बल्लभगढला आहे.

"परवा सीन आहे, घोडा पाठवा" असा फोन आला की समजावं, त्या युनिटने कागद केलेले नाहीत. कायद्यात शिक्षा फार मोठी नाही (पाचशे रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही), म्हणून काहीजण दुर्लक्ष करतात. खरी अडचण पुढे येते. मंडळाचं ना-हरकत पत्र नसेल तर सेन्सॉरकडे चित्रपट अडतो आणि तो सीन कापावा लागतो. घोडेवाल्याची मेहनत तेव्हा कचऱ्यात गेलेली असते.

अर्जात नेमकं काय द्यायचं? तो परत का येतो?

जनावराची जात, वय, तब्येत, त्याने काय करायचं, किती वेळ करायचं, तालीम किती दिवस आणि कोणत्या पद्धतीने दिली, आणि मुळात खरं जनावर का हवं. सोबत नोंदणीकृत पशुवैद्याचा तंदुरुस्तीचा दाखला.

"घोडा धावतो" एवढंच लिहिलेला अर्ज शंकेला जागा देतो. "एक घोडी, वय ९ वर्षं, सपाट ओल्या वाळूवर सुमारे १५० मीटर दुडकी चाल, स्वार अनुभवी, आवाजाचे किंवा आगीचे इफेक्ट नाहीत" असं लिहिलं की वाचणाऱ्याला चित्र दिसतं. सीन बदलला तर आधी कळवा. अर्जात दुडकी आणि पडद्यावर घोडा चौखूर उधळलेला, असं झालं की प्रश्न विचारले जातात. सीन सलग, न तोडता चित्रित केलेली मूळ क्लिप आणि शूटिंगनंतरचा डॉक्टरांचा दाखला जपून ठेवा. नंतरच्या ना-हरकतीला दोन्ही लागतात.

अंगणातल्या कोंबड्या आणि दारातली मांजर नुसती फ्रेममध्ये आहेत. त्यांचंही सांगायचं का?

हो. अर्जात एक ओळ वाढते, इतकंच. फक्त कोंबड्या खुराड्यात किंवा पक्षी पिंजऱ्यात दाखवू नका, नियमात ते बसत नाही.

मुळीच चालत नाहीत अशी जनावरं कोणती?

अस्वल, माकड, वाघ, सिंह, बिबट्या यांना करमणुकीसाठी शिकवणं किंवा दाखवणं बंद आहे. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने त्या यादीत बैलही आला. नाग, अजगर, पोपट, मोर वन्यजीव कायद्याखाली येतात. घरात पिंजऱ्यात वाढलेला हिरवा पोपट "आमचाच आहे हो" म्हणून पुढे करू नका. तो पाळणंच गुन्हा आहे, मग शूटिंगची बात तर दूरच.

डॉल्फिनचा खेळही देशात कुठेच होऊ शकत नाही. २०१३ मध्ये केंद्राने त्याला मनाई केली. दाभोळ, हर्णै, तारकर्लीच्या समुद्रात ते आपले आपण दिसतात, तेवढं पुरे.

मग मालिकेत नांगरणी दाखवायची तर बैल चालतील की नाही?

बैलाने करामत करावी, उधळावं, झुंजावं असा सीन असेल तर विषय तिथेच संपला. जनावरांना एकमेकांवर सोडणं तसाही गुन्हाच, मग सिंधुदुर्गातल्या झुंजी कितीही जुन्या असोत. शेतकरी आपल्या शेतात आपल्या जोतावर चालताना दिसणं वेगळं. तरी तेही अर्जात स्पष्ट लिहून मंडळाचं लेखी उत्तर हातात आल्याशिवाय तारीख देऊ नका.

रायगडच्या पुळणींवरच्या (समुद्रकाठच्या वाळूवरच्या) बैलगाडा शर्यतींचा दाखला इथे बरेच लोक देतात. शर्यतींना १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याने कायद्यात केलेली दुरुस्ती कायम ठेवली, हे खरं. पण ती सवलत शर्यतींपुरती आहे आणि त्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. शूटिंगला ती लागू पडत नाही.

कुत्र्याला "खुणेवर जाऊन थांब" कसं शिकवायचं?

पडद्यावरच्या कुत्र्याच्या कामात निम्म्याहून जास्त भाग हाच असतो. ठरलेल्या जागी जा, थांब, अमुक दिशेला बघ. तीन ते चार आठवडे धरा. एका वेळी पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही, दिवसातून तीनदा. बक्षीस म्हणून उकडलेल्या चिकनचे चण्याएवढे तुकडे. मोठा तुकडा दिला की ते चावत बसतं आणि काय केलं म्हणून मिळालं हे विसरतं.

जेवणाचा लाकडी पाट घ्या. कुत्र्याचे चारही पाय पाटावर आले की त्याच क्षणी क्लिकर वाजवा (नसेल तर जिभेने टक् करा) आणि तुकडा पाटावरच टाका. हातातून भरवू नका. हातातून मिळायला लागलं की पाट सोडून ते तुमच्याकडे धावतं, आणि पुढे कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या तुमच्याकडे सीनच्या मधेच येतं. दोन-तीन दिवसांत ते आपणहून पाटावर चढायला लागतं. मग अंतर वाढवा, एक मीटर, तीन मीटर, दहा मीटर. त्यानंतर पाटाच्या जागी गोणपाटाचा तुकडा. तो दर दोन दिवसांनी कापून लहान करत जा, तळहाताएवढा होईपर्यंत. शेवटी नारळाच्या सोडणाचा एक तुकडा किंवा वाळूत खोचलेली काडी. कॅमेऱ्यात काडी दिसत नाही, कुत्र्याला दिसते.

हे होईपर्यंत तोंडी हुकूम हळूहळू बंद करून हाताच्या इशाऱ्यावर आणा. सीनमध्ये संवाद चालू असताना "बस, बस" ओरडता येत नाही.

घरी सगळं जमतं आणि पुळणीवर काहीच जमत नाही, ही तक्रार नेहमीची. कारण सोपं आहे. कुत्रा "पाट" शिकलेला नसतो, "आपल्या पडवीतला पाट" शिकलेला असतो. वाळूवर सुकटाचा वास, खेकड्यांची बिळं, लाटांचा आवाज, त्यात तो हरवतो. निदान पाच वेगळ्या जागी तालीम करा: पडवी, रस्ता, बाजाराची कड, जेट्टी, पुळण. नव्या जागी गेलात की पुन्हा पाटापासून सुरुवात. पाटापासून काडीपर्यंत यायला तिथे आठवडा नाही, दहा मिनिटं पुरतात.

घोडा शहाणा आहे, पोरंटोरं बसतात. पण सेटवर बुजतो. का?

पुळणीवर पर्यटकांना फेऱ्या मारणाऱ्या घोड्याला माणसं, फुगे, चौपाटीचा गलबला सवयीचा असतो. सेटवरच्या वस्तू नसतात. वाऱ्यावर फडफडणारं रिफ्लेक्टरचं कापड, डोक्यावर लटकणारा केसाळ कव्हरचा माइक, अचानक सुरू होणारा जनरेटर, ड्रोन. घोड्याला जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं, पण थेट नाकासमोर आणि थेट शेपटामागे नाही. तिथून काही आलं की तो आधी पळतो, मग विचार करतो.

थर्माकोलचा मोठा पत्रा आठवडाभर आधी घरी आणा. माणसाने तो वीस मीटरवर नुसता धरून उभं राहायचं. घोड्याचे कान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या, शेपूट दाबलेली असेल तर तिथेच थांबा. मान खाली आली, तोंड चघळल्यासारखं हललं की पत्रा मागे न्या. हे मागे नेणंच त्याचं बक्षीस. पुन्हा आणताना दोन मीटर पुढे. शेवटी पत्रा त्याच्या खांद्याला लागतो तरी तो उभा राहतो. मग पत्रा हलवायला सुरुवात करायची, आणि अंतर पुन्हा वीस मीटरपासून. माइक, छत्री, ड्रोन, सगळ्यांचं हेच. घोडा बांधून ठेवून वस्तू अंगावर नेणं हा झटपट मार्ग वाटतो. बांधलेला घोडा मागे खेचतो, मोहरकी (तोंडाभोवतीची दोरी) तुटते किंवा मान दुखावते, आणि त्या वस्तूची भीती कायमची बसते.

सेटवर पहिला अर्धा तास घोड्याला नुसतं फिरवा, काम नको. दुसरा शांत घोडा सोबत असला तर फारच उत्तम. एकटा घोडा निम्मा घाबरलेलाच असतो.

समुद्रकिनाऱ्यावर घोडा पळवण्याचा सीन कधी ठेवावा?

कोकणात सूर्य डोंगरामागून उगवतो आणि समुद्रात बुडतो, म्हणून सगळ्यांना संध्याकाळचाच सीन हवा असतो. पण नुसती संध्याकाळ बघून चालत नाही, तिथी बघावी लागते.

जुना हिशोब असा: तिथीचा आकडा पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला साधारण तीन वाजता भरती पुरी, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या दोन-तीन दिवसांत संध्याकाळी पाच ते सहाला पूर्ण सुकती असते, आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणी खूप लांब जातं. घोड्याला हवी ती ओली, घट्ट वाळू नेमकी सूर्यास्ताला उघडी पडते. अष्टमीला उलट. सहा वाजता पाणी वर चढलेलं असतं, आणि उरतो तो सुरूच्या बनाखालचा मऊ, कोरड्या वाळूचा पट्टा. हा हिशोब मुंबईकडचा. मालवण-वेंगुर्ल्याला भरती थोडी आधी येते, तेव्हा त्या त्या बंदराचा तक्ता बघून मगच तारीख पक्की करा. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे "आज नाही तर दोन दिवसांनी करू" म्हणणाऱ्याला दोन दिवसांनी वेगळीच पुळण मिळते.

कोरड्या मऊ वाळूत चौखूर पळवलं की खूर खोल रुततो आणि पायामागच्या शिरेवर (कंडरेवर) ताण येतो. ती सुजली की घोडा काही महिने कामातून गेला. मऊ वाळूत फक्त चालवा.

पट्टा कसा तपासायचा?

पायी, आणि वाकून. पळण्याचा पट्टा पाच मीटर रुंद धरा, पुढे थांबायला निदान साठ-सत्तर मीटर मोकळी जागा सोडा, आणि दोघांनी दाताळ्याने तो विंचरत जायचं. बघायचं काय? बाटल्यांच्या काचा, जाळ्याचे तुकडे, नायलॉनच्या दोऱ्या, गळ, खेकड्यांची बिळं. आणि शिंगाळ्याचे काटे. रापणीतून (किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्यातून) फेकून दिलेला शिंगाळा मासा वाळतो, मासा नाहीसा होतो, काटा उरतो. वाळूच्याच रंगाचा, बोटभर लांब, कडेला करवतीसारखे दाते. खुराच्या तळव्यात शिरला तर ओढून निघत नाही, मोडतो. आत राहिलेला तुकडा पिकतो. असं झालं तर स्वतः कोरू नका. घोडा उभा ठेवून डॉक्टर बोलवा.

पाण्याचा पाट वाळूतून समुद्राला मिळतो तिथली वाळू वरून घट्ट दिसते आणि आतून पोकळ असते. खाडीच्या मुखाजवळ तर घोडा नेऊच नका.

घोडा पडताना दाखवायचा आहे.

तार, दोरी, खड्डा, काहीही लावून पाडायला बंदी आहे. तारांनी घोडे पाडण्याची पद्धत एकेकाळी हॉलिवुडमध्ये सर्रास होती. १९३९ मध्ये एका चित्रपटासाठी घोड्याला कड्यावरून पाण्यात उतरवलं गेलं, तो मेला, आणि त्या ओरडीतून १९४० मध्ये तिथे सेटवर देखरेख सुरू झाली. आपल्याकडे आता असे सीन संगणकावर करतात आणि पडद्याच्या कोपऱ्यात "सीजीआय" अशी अक्षरं दिसतात ती त्यासाठीच. झोपायला शिकवलेला घोडा मऊ, खणून भुसभुशीत केलेल्या वाळूवर हळू बसतो, झोपतो. बाकीचं संकलकाने करावं.

किती टेक घ्यावेत?

नियमात आकडा नाही. पुरेशी विश्रांती न देता टेकमागून टेक घेऊ नयेत, एवढंच आहे. दीडशे मीटरच्या पळवणीचे तीन, फार तर चार. प्रत्येकानंतर पंधरा मिनिटं पायी फिरवणं. दिग्दर्शकाला पाचवा हवा असतोच. तो अर्जात नसतो आणि घोड्याच्या पायातही नसतो.

मोजायची रीत सोपी. विसावलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. पळवल्यानंतर पंधरा मिनिटांत नाडी साठच्या खाली आली नाही तर त्या दिवसाचं काम संपलं. नाडी जबड्याच्या खालच्या कडेला बोटांनी लागते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणा.

कोकणातल्या दमट उन्हात घोड्याला कसं सांभाळायचं?

घाम वाळला तरच अंग थंड होतं, आणि मार्च ते मेमध्ये इथे घाम वाळतच नाही. देशावरून आणलेला घोडा आल्या आल्या कामाला लावला की दुसऱ्या दिवशी मान टाकतो. निदान चार-पाच दिवस आधी आणा, काम सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेचारनंतर ठेवा.

एका घोड्याला दिवसाला तीस ते पंचेचाळीस लिटर पाणी धरा, अंग धुवायचं वेगळं. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, ते पाणी घोडा तोंड लावून सोडतो आणि युनिटला वाटतं त्याला तहान नाही. गोडं पाणी पिंपातून न्या. नव्या गावचं पाणी पीत नसेल तर थोडा गूळ विरघळवून दोन दिवस आधी घरच्या पाण्यात सवय लावा, मग नव्या पाण्यात तोच गूळ टाका. घामातून मीठ जातं, खुराकात रोज मोठा चमचाभर साधं मीठ घाला.

तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नये, झटका येतो, हा समज अजून घट्ट आहे. तो चुकीचा आहे. सावलीत, वाऱ्यात उभं करून मान, छाती, पोट, मांड्यांवर भरपूर पाणी सतत ओतत राहा. ओलं फडकं अंगावर टाकून ठेवणं मात्र वाईट, त्याखाली उष्णता कोंडते. समुद्रात नेऊन उभं केलं तर नंतर गोड्या पाण्याने धुवा. खारं पाणी वाळलं की तंगाखाली (खोगीर आवळायच्या पट्ट्याखाली) आणि खोगिराखाली कातडी सोलवटते.

घोडा पोटाकडे बघतो, लोळतो, खात नाही. वाळूशी काही संबंध?

असू शकतो. पुळणीवर वैरण थेट वाळूवर टाकली की गवताबरोबर वाळू पोटात जाते, आतड्यात साचते आणि पोटशूळ उठतो. घरी तपासता येतं. ताज्या लिदीचे पाच-सहा गोळे वरचे वर उचला, जमिनीला टेकलेले नकोत. पारदर्शक बरणीत लिटरभर पाण्यात विरघळवून वीस मिनिटं ठेवा. तळाला चमचाभर किंवा जास्त वाळू बसली तर डॉक्टरांना दाखवा. इसबगोल देतात, पण किती आणि किती दिवस ते त्यांनी सांगायचं. आणि लोळणाऱ्या घोड्याला तेल पाजण्याचा उद्योग करू नका, श्वासनलिकेत गेलं तर घोडा हातचा जातो.

वैरण घमेल्यात किंवा टबात द्या. भाताचा पेंढा हा घोड्याचा खुराक नव्हे, त्यात सत्त्व कमी. पावसाळ्यानंतर कापून उडवीत रचलेलं डोंगरगवत चांगलं, बुरशी नसेल तर. तीनशे किलोच्या घोड्याला सुकं गवत पाच-सहा किलो, वर भिजवलेला हरभरा किंवा जव. खुराक बदलायचा तर आठ-दहा दिवसांत थोडा थोडा.

कुत्रा घेऊन समुद्रावर शूटिंग आहे. कशाची भीती?

वाळू हाताच्या पाठीला सात सेकंद सहन झाली नाही तर कुत्र्याच्या तळव्यांनाही नाही. लाटांशी खेळताना ते खारं पाणी पितं, मग उलट्या-जुलाब. दर वीस मिनिटांनी बोलावून गोडं पाणी द्या. रापणीच्या कडेला पडलेला केंड दिसला तर कुत्रा लांब ठेवा. फुगणारा तो मासा जिवावर बेतणारा विषारी असतो, वाळलेलाही. पगसारखी चपट्या नाकाची कुत्री दुपारच्या सीनला घेऊच नका. त्यांना धापा टाकून अंग गार करता येत नाही.

एकाच भूमिकेसाठी सारख्या दिसणाऱ्या दोन कुत्र्या ठेवाव्यात, एक बसायला-बघायला हुशार, दुसरी पळायला. लेन्सच्या पलीकडे फरक कळत नाही.

घोडा टेम्पोतून आणताना?

सलग आठ तासांपेक्षा जास्त रस्त्यावर ठेवायचा नाही. पुण्या-मुंबईहून सिंधुदुर्गात एका दमात आणण्याचा विचार सोडा, वाटेत रात्रीचा मुक्काम धरा. दर दोन-अडीच तासांनी थांबून पाणी. हौद्यात रबरी मॅट, वर पेंढा. नुसत्या लोखंडी पत्र्यावर घाटाच्या वळणाला पाय सरकतो आणि घोडा बसतो. दोर एवढाच लांब की मान खाली-वर होईल, पाय त्यात अडकणार नाही. उतरल्यावर लगेच दाणा नको. आधी पाणी, गवत, तासभर फिरवणं.

डॉक्टरांकडून कोणत्या तपासण्या आधी करून घ्यायच्या?

घोड्याला धनुर्वाताची लस, कारण वाळूत खिळे-गळ आहेतच. ग्लँडर्ससाठी रक्ततपासणी. हा रोग माणसालाही होतो, कळवणं बंधनकारक आहे आणि बाधित घोड्याला मारावंच लागतं, म्हणून बाहेरचा घोडा आपल्या तबेल्यात घेण्याआधी कागद बघा. पावसाळ्यात आणि नंतर चावऱ्या माश्यांमुळे सर्रा नावाचा रोग पसरतो. ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज, घोडा खंगत जातो. उंटांनाही होतो. मुळात उंट या दमट हवेचा प्राणी नाही, गणपतीपुळ्याला तो कितीही दिसो.

नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी हवा. खाऱ्या ओलीने खिळे गंजतात, नाल हलते, आणि ढिली नाल नेमकी पळताना निघते. सीनच्या आदल्या दिवशी नव्या नाला मारू नका, चार-पाच दिवस आधी मारा. खिळा जिव्हाळीला (खुराच्या आतल्या जिवंत भागाला) लागला असेल तर तोवर कळतो.

रात्रीचा सीन, मोठे लाइट, मागे फटाके.

कृत्रिम उजेड ५०० लक्सच्या वर नको. हा साधारण चांगल्या उजेडाच्या ऑफिसएवढा. मीटर जनावराच्या डोळ्याच्या उंचीवर धरून मोजा, लाइटजवळ नाही. फटाके, स्फोट, आग जनावराजवळ नाही. वेगळं चित्रित करून जोडायचं. लग्नाच्या वरातीत डीजेच्या भिंतीसमोर घोडा उभा करणाऱ्यांनाही हे लागू आहे.

आणखी एक. वेळास, आंजर्ले, गुहागरसारख्या पुळणींवर नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत कासवं अंडी घालतात. त्या दिवसांत तिथे रात्री घोडा आणि लाइट दोन्ही नकोत. घरटी कुठे आहेत ते गावातल्या कासवमित्रांना विचारा, खुरांनी वाळू दबते.

पैशाचं काय बोलावं?

दर गावागणिक बदलतो, पण या गोष्टी लेखी घ्या: तालमीच्या दिवसांचे वेगळे पैसे, सीन रद्द झाला तरी अर्धे, किती तास आणि किती टेक, डॉक्टर आणि विमा कोणाचा. आणि "जनावर थकलंय" हे कोण ठरवणार? ते मालक किंवा डॉक्टर ठरवतील, असं शब्दांत असू द्या.

पावसाळ्यात काम नसतं. घोडा मोकळा सोडला तर?

चारा मिळेल म्हणून जूनमध्ये सोडलेली घोडी ऑगस्टमध्ये रस्त्यावर, गोचिडांनी भरलेली आणि खूर कुजलेली सापडतात. जनावर असं वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे. निदान कोरडी, उंच जोत्याची जागा, रोज खुराचा तळवा कोरून साफ करणं आणि आठवड्यातून तीनदा तासभर चाल, एवढं लागतंच. चार महिने उभ्या राहिलेल्या घोड्याला दिवाळीत पळवलं की आधी शीर जाते.

घोडा म्हातारा झाला, आता कॅमेऱ्यासमोर नको. पुढे?

चांगला सांभाळला तर पंचवीस वर्षं जगतो, काम अठरा-वीसपर्यंत हलकंहलकं होतं. एकदम थांबवू नका, थांबवलं की सांधे आखडतात. मुलांना लगाम धरून चालवायला, नव्या घोड्याला सेटची सवय लावायला सोबती म्हणून तो सर्वात उपयोगी. वर्षातून दोनदा दाढा बघून घ्या. टोकं वाढली की गवत चावता येत नाही, अर्धवट चघळलेले गोळे तोंडातून खाली पडलेले दिसतात. तसे दिसले की दाढा घासून घेईपर्यंत भिजवलेला, कुस्करलेला खुराक द्या.